वाड्यातली जुनी दुनळी: नळीला कानस लावण्याआधी

मराठवाड्यातल्या माळवदाच्या वाड्यांत खुंटीवर टांगलेल्या बंदुका साधारण तीन प्रकारच्या निघतात. एक ठासणीची, तोंडातून बारूद भरायची. दुसरी बाहेर कानासारखे दोन घोडे (चाप ओढला की आपटतात ते) असलेली दुनळी, बहुतेक वेळा बर्मिंगहॅमची किंवा बेल्जियमच्या लिएजची, निजामाच्या राज्यात आलेली. तिसरी बिनघोड्याची, स्वातंत्र्यानंतर घेतलेली, ईशापूरची. परवान्याच्या भाषेत एमएल (तोंडातून भरायची), डीबीबीएल (मागून भरायची दुनळी) आणि एसबीबीएल (मागून भरायची एकनळी). आजोबा गेले, वाटण्या झाल्या, बंदूक एका नातवाच्या वाट्याला आली की पहिला विचार ठरलेला असतो: हिला जरा नीट करून शिकारीजोगी करू. रानात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत, आणि घरात बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) बंदूक नुसती धूळ खात पडलीय.

‘नीट करून’ म्हणजे काय, असं विचारलं की तीन कामं सांगितली जातात. नळी थोडी आखूड करायची, नवं लांब काडतूस बसावं म्हणून चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) वाढवायचं, आणि घासून-पुसून नवी काळी करायची. ही तिन्ही कामं करायची नाहीत. पहिलं आणि तिसरं कायद्यानं अंगाशी येतं आणि तिन्ही बंदुकीचं वाटोळं करतात. ते का, हे खाली येईलच. जुन्या बंदुकीला खरी गरज असते ती कागदांची, तपासणीची, सफाईची आणि पावसाळ्यात नीट ठेवण्याची, आणि करायचंही याच क्रमानं.

शिकारीचं आधी बोलून घेऊ

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 9 नं शिकार बंद आहे. शस्त्र परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, ही गोष्ट अजून पुष्कळांच्या डोक्यात बसलेली नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर (ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे) काळवीट अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. रोही आणि रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये. अनुसूची 2 मधल्या प्राण्यानं उभ्या पिकाची नासाडी चालवली असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, कारण नमूद करून. त्या कागदाशिवाय स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या तुरीत झाडलेली गोळीसुद्धा गुन्हा. परवानगीनं मारलेला प्राणीही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता असतो. मटणाचे वाटे पाडले की परवानगीचा काही उपयोग उरत नाही.

शिक्षा साध्या प्रकरणात 3 वर्षांपर्यंत, अनुसूची 1 च्या प्राण्यासाठी किमान 3 आणि कमाल 7 वर्षं. वर कलम 51 खाली न्यायालय शस्त्र परवाना रद्द करू शकतं, आणि तसं झालं की दोषी ठरल्यापासून 5 वर्षं नवा परवाना मिळत नाही. आजोबांची बंदूक एका हरणापायी सरकारजमा होते ती अशी. पिकाची भरपाई हवी असेल तर वनविभागाकडे अर्ज आणि पंचनामा हा रस्ता कटकटीचा आहे, पण उघडा आहे.

गाव अभयारण्याजवळ असेल तर आणखी एक नोंद घ्या. येडशीचा रामलिंग घाट, नायगावचं मयूर अभयारण्य, जायकवाडी, गौताळा, पैनगंगा यांच्या 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनविभागाकडे आपली नोंद करायची असते (कलम 34), आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवा परवाना निघत नाही. वारसानं अर्ज करताना हा मुद्दा मागाहून निघतो आणि फाईल अडकते. आधीच विचारून घ्या.

कागद

मूळ परवानाधारक वारल्यावर बंदूक घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. ‘आमच्याच आजोबांची आहे’ हे उत्तर शस्त्र अधिनियम, 1959 ओळखत नाही. कलम 21 सांगतं की ताबा बेकायदा झाला की विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. दशक्रियेनंतरच्या आठवड्यात हे उरकून टाका. पावती घ्या, पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बनावट, नळ्यांची लांबी आणि अवस्था लिहून घ्या. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ठाण्यातल्या खोलीत वर्षभर पडून राहिलेली बंदूक गंजून परत येते तेव्हा ती आधी कशी होती हे सांगायला दुसरं काही हाती नसतं.

वारसासाठी शस्त्र नियम, 2016 मधला नियम 25 आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला परवाना मिळू शकतोच. पण परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली तर तो हयात असतानाही वारसाकडे देता येते. हे फार थोड्यांना माहीत असतं. वडील सत्तरीत पोचले असतील तर थांबू नका. त्यांच्या सहीनं होणारं काम नंतर चार भावांच्या संमतिपत्रांवर अडतं.

अर्ज नमुना ए-1 मध्ये. सोबत मूळ परवाना, मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, ओळख-पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वय किमान 21. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्यानं; छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांकडे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, आणि वारशानं आली तरी ही मर्यादा सुटत नाही. परवान्याची मुदत 5 वर्षं.

निजामी काळातले उर्दू कागद घरात सापडले तर ते टाकू नका, भाषांतर करून जोडा. बंदूक कुठून आली याचा तो पुरावा असतो. मात्र तो जुना कागद आजचा परवाना नव्हे.

‘ही शोभेची आहे, हिला परवाना कशाला’ हा युक्तिवादही ऐकू येतो. कलम 45 मध्ये सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा, कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला. घोडा मोडलेला आहे पण लोहार बसवून देईल, अशी बंदूक त्यात बसत नाही. ठरवायचं तुम्ही नाही, अधिकाऱ्यांनी.

हातात घेतल्यावर पहिलं काम

भरलेली आहे असं धरूनच चालायचं. तोंड जमिनीकडे किंवा मातीच्या भिंतीकडे, बोट चापाबाहेर. दुनळीची कळ फिरवून नळ्या खाली पाडा आणि दोन्ही चेंबर डोळ्यानं बघा, मग करंगळीनं चाचपा. काडतूस अडकलेलं असेल आणि पितळ हिरवं पडलं असेल तर पक्कडीनं ओढाओढ नको. तशीच उघडी ठेवून परवानाधारक कारागिराला दाखवा.

खरा धोका ठासणीच्या बंदुकीत असतो. भरून ठेवलेली आणि विसरलेली ठासणीची बंदूक साठ-सत्तर वर्षांनीही उडू शकते. कोरडा राहिलेला काळा बारूद म्हातारा होत नाही. भरलेली आहे का हे कळायला सोपी खूण आहे. बंदुकीची टोपी (घोडा आपटला की पेटणारी छोटी वाटी) बसते त्या कुपळीवर टोपी असेल तर पुढे काहीही करू नका, कारागीर बोलवा. टोपी नसेल तर लाकडी सळई नळीत हलकेच तळापर्यंत सोडा, तोंडाशी चिमटीत धरून खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. सळईचं टोक कुपळीच्या जागेपर्यंत पोचलं तर रिकामी. तीन-चार बोटं आधीच थांबलं तर आत माल आहे. तो टोकरून काढायचा नाही, पाणी ओतून सोडायचा नाही, आणि ‘एकदा उडवून मोकळी करू’ हे तर मुळीच नाही. ठाण्याला कळवून कारागिराकडून रिकामी करून घ्या.

नळीत उजेड धरून आरपार बघा. कुंभारीण माशी बारा बोरच्या तोंडात मातीचं घर बांधते. पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं. अशी गुठळी, चिंधीचा राहिलेला तुकडा किंवा शेतात टेकवताना तोंडात गेलेली काळी माती, काहीही पुढे असताना काडतूस उडालं तर छर्रे तिथे अडखळतात, मागचा दाब वाढतो आणि नळी फुगते किंवा फाटते. डावा हात नेमका तिथेच असतो.

तपासणी: झाडण्याजोगी आहे का

फोरएंड, म्हणजे नळीखालचं लाकूड, काढा आणि नळ्या दांड्यापासून वेगळ्या करा. बुडाशी खालच्या सपाट भागावर बारीक छाप दिसतील. सगळी कुंडली तिथे लिहिलेली असते. इंग्रजी बंदुकीवर ‘नायट्रो प्रूफ’ अशी अक्षरं असली तर ती बिनधुराच्या बारुदासाठी तपासलेली आहे. नसली तर ती काळ्या बारुदाच्या काळातली समजा, आणि आजचं कुठलंही काडतूस तिच्यात घालू नका. बेल्जियमच्या बंदुकीवर अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरं असतात. हा लिएजच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका तपासून छाप मारणाऱ्या संस्थेचा छाप. तो असणं म्हणजे बंदूक चांगली असं नव्हे, तपासली गेली होती इतकंच.

चेंबरची लांबी यापेक्षाही महत्त्वाची. जुन्या इंग्रजी दुनळ्या बहुतांशी अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या. 1925 नंतरच्या इंग्रजी बंदुकीवर लांबी आकड्यात कोरलेली सापडते, त्याआधीच्यांवर नसते. आता काडतुसाच्या डब्यावर लिहिलेली 65 किंवा 70 ही लांबी उघडलेल्या, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची असते. भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यानं त्याहून आखूड. म्हणून 70 चं काडतूस 65 च्या चेंबरात आरामात बसतं, बंदूक मिटते, आणि माणूस समजतो की चालतंय. उडताना दुमड उघडते ती चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात, वाट अरुंद होते, दाब चढतो. पहिल्याच बाराला नळी फाटेल असं नाही. सांधा ढिला होत जातो, दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, तडे जातात, आणि मग कधीतरी. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं घेतानाही डब्यावरचा आकडा वाचून घ्या. दुकानदार बारा बोर म्हटलं की हाताला लागेल तो डबा देतो. छाप पुसट असेल तर कारागिराकडे चेंबर गेज असतो, दोन मिनिटांचं काम.

आणि वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या घरात कधीही ठेवू नका. ते चेंबरातून घरंगळत पुढे जाऊन अडकतं, मागून चेंबर रिकामं दिसतं, वर बाराचं बसतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

नळीच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा नागमोडी वेलबुट्टी दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, भट्टीत ठोकून जोडलेल्या असतात. दिसायला अप्रतिम. पण जोड शेकडो, आणि जोडाच्या आत शंभर वर्षांत किती गंज शिरला हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. ती झाडायची नाही. परवान्यावर ठेवा, जपा, भिंतीवर शोभते. बुट्टी नेहमी दिसतेच असं नाही. वर काळा रंग चढवला की झाकली जाते. फोरएंडखालच्या भागात शोधा.

आता नळी आतून. उजेडाकडे तोंड करून बघताना आतल्या चकाकीवर उजेडाच्या कड्या दिसतात. बंदूक हळूहळू फिरवा. कडी मध्येच तुटली किंवा वाकडी झाली तर तिथे पोचा आहे. पूर्ण गोल काळी सावली दिसली तर तो फुगवटा. कधीतरी अडथळ्यावर बार झालेला आहे. बारीक ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. तोंडाकडचे उथळ खड्डे फारसे अडचणीचे नाहीत, चेंबरच्या पुढच्या वीतभर भागातले वाईट, कारण दाब तिथे सर्वात जास्त असतो. खड्डे घासून गुळगुळीत केलेली नळी खड्डे असलेल्या नळीपेक्षा फसवी असते: आतून आरसा, पण भिंत पातळ. इंग्रजी प्रूफच्या नियमानं नळीचा आतला व्यास कोरलेल्या मापापेक्षा दहा थाऊनं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे पाव मिलिमीटरनं वाढला की ते प्रूफ बाद होतं. भिंतीची जाडी कारागिराकडून मोजून घ्या. सर्वात पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर त्या बंदुकीचं झाडणं संपलं.

सांध्याची परीक्षा घरी होते. फोरएंड काढून, नळ्या दांड्याला जोडून मिटवा, आडवी धरून तोंड डावी-उजवीकडे हलवा. बुडाशी टकटक जाणवली तर सांधा ढिला. मग उजेडासमोर धरून नळ्यांचं बूड आणि मागची भिंत यांच्यामधून फट दिसते का बघा. विडीच्या बंडलाचा पातळ कागद अडकवून मिटवल्यावर सहज ओढून निघाला तर काम कारागिराचं. फोरएंड बसवलेला असताना ही फट लपते. बंदूक विकणारे दाखवताना फोरएंड कधी काढत नाहीत, ते उगाच नाही.

दोन्ही नळ्यांना वरून-खालून जोडणारी पट्टी शिसं-कथलाच्या डाकानं बसवलेली असते. सुट्या नळ्या खालच्या हुकात दोरा घालून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर जोड शाबूत. मडकं फुटल्यासारखा बद्द आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटलीय, आत ओल शिरतेय आणि जिथे हात पोचत नाही तिथे गंज चालू आहे. ही परीक्षा फुकटची आहे आणि खोटं बोलत नाही.

खटका म्हणजे सेफ्टी. बहुतेक दुनळ्यांत तो फक्त चाप अडवतो, आतला घोडा नाही. बंदूक पडली, दस्ता आपटला तर खटका लावलेला असूनही बार होऊ शकतो. त्यामुळे खटक्यावर विसंबून भरलेली बंदूक भिंतीला टेकवायची नाही. चाप फार हलका वाटला, किंवा मिटताना घोडा आपोआप पडला, तर त्या दिवसापासून बंदूक बंद. चापाला, कुत्र्याला (घोडा रोखून धरणारा तुकडा), कमानीला घरी कानस लावायची नाही. इथे केसभर गेलेलं परत येत नाही.

ती तीन कामं का नाहीत

नळी कापणं. दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे जवळ येत जातात. तोंडाशी डाकानं सांधलेल्या असतात. कापलं की तो सांधा जातो, मधली पोकळी उघडी पडते, पहिल्याच पावसात पाणी आत. शेवटच्या इंच-दोन इंचातला आवळ, ज्याला चोक म्हणतात, तोही तुकड्याबरोबर जातो आणि छर्रे सुपातून पाखडल्यासारखे विखुरतात. म्हणजे ज्या कामासाठी कापली तेच बिघडतं. आणि कायदा: कलम 6 नं परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा, कलम 25 खाली किमान 7 वर्षं ते जन्मठेप. 28 इंची नळीतले चार इंच कापणारा लोहारही त्यात येतो.

चेंबर वाढवणं म्हणजे जिथे दाब सर्वात जास्त तिथलीच भिंत कातून पातळ करणं. त्यानंतर जुनं प्रूफ लागू राहत नाही. 65 च्या बंदुकीत 65 चं काडतूस घालावं, इतकं साधं उत्तर असताना हा उद्योग करण्याचं कारण नाही.

घासून काळी करणं. एमरी पेपरनं घासलं की गंजाबरोबर प्रूफचे छाप आणि क्रमांक पुसट होतात. क्रमांक पुसणं कलम 8 प्रमाणे गुन्हा. नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक जुळला नाही तर ‘पॉलिश केलं होतं’ हे कुणी ऐकणार नाही. मोटारीचे सुटे भाग काळे करतात त्या उकळत्या कॉस्टिकच्या हौदात दुनळी कधी बुडवायची नाही. कॉस्टिक डाक खातं, पट्ट्या सुटतात. कधी लगेच नाही, तर आत राहिलेला क्षार वर्षभर झिरपत राहून. दुनळीला हळू गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून काळेपणा देण्याची वेगळी रीत आहे. ती दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचं काम. दुरुस्तीला कलम 5 खाली परवाना लागतो, गावच्या लोहाराकडे तो नसतो.

कारागिराकडे बंदूक नेताना रिकामी, पिशवीत, परवाना सोबत. दुसऱ्यानं नेली तर परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र हवं. दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी कायदा तेवढी मुभा देतो. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या लोकांना हैदराबाद किंवा कलबुर्गी जवळ पडतं, पण आधी परवान्यावरची हद्द वाचा. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलं असेल तर सीमेपलीकडे ती विनापरवाना बंदूक आहे.

सफाई

सामान मोजकं: तीन तुकड्यांची लाकडी किंवा पितळी सळई, बारा बोरचा ब्राँझचा ब्रश, लोकरीचा बोळा, जुन्या धोतराच्या तळहाताएवढ्या चिंध्या, शिलाई मशीनचं तेल, थोडं ग्रीस. लोखंडी सळई नको, तोंडाची कड झिजते.

नळ्या वेगळ्या करून सळई नेहमी बुडाकडून घाला, तोंडाकडून नाही. आधी कोरड्या चिंध्या, मग रॉकेलात भिजवलेला ब्रश 15-20 वेळा आरपार. मध्येच उलटा फिरवला तर केस वाकतात. चेंबरच्या पुढे आणि तोंडाशी शिशाचे राखाडी ओघळ असतात, तिथे जास्त वेळ. चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसा. रॉकेल आत राहू देऊ नका, ते गंज थांबवत नाही. शेवटी तेलाचा हात. थेंब ओघळायला नकोत.

काळा बारूद वापरलेल्या किंवा फार जुन्या काडतुसांच्या बंदुकीला आधी गरम पाणी लागतं. त्या राखेत आणि जुन्या टोपीत क्षार असतात; क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून तेल लावलं तर क्षार तेलाखाली बसून ओल ओढत राहतो. चहाला लागतं तसं कडकडीत पाणी सुट्या नळ्यांतून ओता. पोलाद तापतं आणि स्वतःच कोरडं होतं. मग लगेच तेल.

बाहेरच्या तांबूस गंजाला तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जाडसर सुती कापडानं चोळा, हट्टी डागाला तांब्याचं जुनं नाणं तेलात बुडवून हलकेच. तांबं पोलादापेक्षा मऊ, ओरखडा उमटत नाही. दोन-तीन दिवस लागतात, लागू द्या.

स्वयंपाकघरातलं तेल लावायचं नाही, करडईचं तर नाहीच. ते सुकून चिकट वार्निश बनतं आणि घोडा आळसावतो. आतली कळ उघडायची नाही; स्क्रूच्या खाचा इतक्या अरुंद असतात की घरचा स्क्रूड्रायव्हर त्या खाऊन टाकतो, आणि खाल्लेला स्क्रू पाहून जाणकार बंदुकीची किंमत निम्म्यावर आणतो. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढत बसायचं नाही, आतल्या पिना तुटतात. कमानी मोकळ्या ठेवायच्या तर खोटं काडतूस, स्नॅप कॅप, घालून.

दस्ता अक्रोडाचा असतो. मागच्या पिढ्यांनी वरून तेल ओतून उभी ठेवल्यामुळे तेल उतरून दस्त्याचं डोकं काळं, मऊ झालेलं दिसतं. तडे तिथेच जातात. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झाडा, पुन्हा द्या. चार-पाच वेळा दिला की खडू तेल ओढून पिवळा पडतो. नंतर जवसाचं उकळलेलं तेल: बोटावर दोन थेंब, तळहातानं गरम होईपर्यंत चोळायचं, एक दिवस सोडून पुन्हा, असे आठ-दहा हात. एकदम ओतलं तर महिनाभर चिकटतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या स्वतःहून तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

ठेवणं

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा लाकूड आकसतं आणि स्क्रू ढिले वाटतात. तेव्हा आवळले तर पावसाळ्यात लाकूड फुगून तडकतं. थोडं ढिलं राहू द्या. मृग लागण्याआधी एक पूर्ण सफाई, मग दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात. माळवदाची भिंत ओल धरते. खुंटीवर भिंतीला टेकून टांगलेली बंदूक भिंतीकडच्या अंगानं गंजते. चामड्याच्या पेटीत किंवा गोधडीत गुंडाळून ठेवणं त्याहून वाईट, चामड्यातले क्षार आणि कापडातली ओल तिथेच कोंडते. लोखंडी कुलूपबंद कपाट, आत सिलिका जेलची पुडी, बंदूक तोंड खाली करून उभी. तेल दस्त्यात उतरत नाही. काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली दुसरीकडे.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. ओलं हळदकुंकू आणि झेंडूची पाकळी नळीवर रात्रभर राहिली की सकाळी तिथे तांबडा डाग. आरती झाली की त्याच संध्याकाळी पुसून तेल. पूजेनंतर किंवा वरातीत हवेत बार काढायची हौस 2019 पासून 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकी महाग झाली आहे.

निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा होतात. देण्याआधी नळीत नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या, आणि परत आल्यावर त्याच दिवशी पुसून, आरपार बघून मगच कपाटात.

जुन्या डब्यात सापडलेली काडतुसं, कागद फुगलेली, पितळ हिरवं पडलेली, ‘चालतात का बघू’ म्हणून उडवायची नाहीत. कधी टोपी पेटते पण बारूद अर्धाच जळतो, डाट (बारूद आणि छर्‍यांमधला बोळा) नळीत मध्येच अडकतो, आणि पुढचा बार त्यावर होतो. ती चुलीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकायची नाहीत. यादी करून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा, पावती परवान्याच्या फाईलला लावा.